राजाचं प्यादं, दोन घरं

१५ नोव्हेंबर १९६४, रविवार

पुन्हा वजिराचं प्यादं, पुन्हा तीच प्याद्यांची भिंत, पुन्हा मामाजी जिंकले. लग्न होऊन या घरी आले त्या वर्षी मामाजींनीच, म्हणजे सासऱ्यांनी, मला बुद्धिबळ शिकवलं. तेव्हापासून रविवारी सकाळी ओसरीवर आम्ही दोघं. हरण्याचं मला फारसं काही वाटत नाही. आज मी पहिलं प्यादं सरकवलं तेव्हा ते दारातल्या गवारवालीशी घासाघीस करत होते. पटाकडे न बघताच त्यांनी उत्तर खेळलं. वर ह्यांना म्हणाले, "सूनबाई पदर खोचून बसली म्हनजे वजिराचं प्यादं. मले पाह्याची गरज नाई."

हे हसले. मीही हसले. दुपारी वह्या तपासताना मात्र तेच आठवत राहिलं. मी इतकी पाठ झालेली आहे?

१९ नोव्हें., गुरुवार

संध्याकाळी बोदडे वकील आले. वाचनालयाचा बुद्धिबळाचा कारभार त्यांच्याकडे. संक्रांतीनंतरच्या रविवारी शेगावात सामना, चार पट, आणि यंदा प्रथमच आंतरराष्ट्रीय पद्धतीने. म्हणजे प्याद्याला सुरुवातीला दोन घरांची मुभा. राजाला एकदा मिळणारी घोड्याची उडी बंद, त्याऐवजी हत्तीबरोबर किल्ला. चौथ्या पटावर दर वर्षी मामाजी बसतात. वकिलांना काहीतरी बोलायचं होतं, पण ते चहाचीच स्तुती करत बसले. शेवटी मामाजीच म्हणाले, "वकीलसाहेब, मी बुढा झालो असं म्हनाले आले काय? म्हना."

वकील म्हणाले, तसं नाही, पण नव्या नियमांनी वाचनालयात ते सारखे हरतात. आणि बाई चांगल्या खेळतात असं ऐकलंय.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी कपबशा उचलल्या.

मामाजींनी जागच्या जागी निकाल दिला. जानेवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघांनी याच ओसरीवर एक डाव खेळायचा, नव्या नियमांनी, वकील पंच. जिंकेल तो शेगावला. पांढरे मोहरे मला. "पन पायदळ कधी धावते काय? एक घर चालते, म्हनून तर त्याले प्यादं म्हनते," हे वर.

मला जायचं आहे का? हो. लिहून टाकते म्हणजे नंतर नाही म्हणता येणार नाही.

२४ नोव्हें., मंगळ.

बोदडेबाई आमच्याच शाळेत शिवण शिकवतात. शाळा सुटल्यावर त्यांच्याबरोबर घरी गेले. वकिलांनी इंग्रजी पुस्तक काढलं. त्यांचा सल्ला सरळ आहे: वजिराचं प्यादं सोडा, राजाचं घ्या, दोन घरं. डाव लवकर मोकळा होतो, आणि देशी खेळणाऱ्यांना मोकळा डाव झेपत नाही.

पट समोर ठेवून बराच वेळ पाहिलं. वजिराचं प्यादं दोन घरं गेलं तरी पाठीशी वजीर उभा असतो. राजाचं प्यादं गेलं की त्याच्यामागे कोणी नाही. इतकी वर्षं मी नेमकं यालाच भीत होते की काय.

३० नोव्हें., सोम.

निवड काही होत नाही. राजाचं प्यादं खेळायचं ठरलं, पण पुढे काय? पुस्तकातल्या तीन सुरुवाती समोर आहेत.

स्पॅनिश: पुस्तकात सगळ्यांत जास्त पानं त्यालाच. पाठ करायचं तर शाळा सोडावी लागेल.

गँबिट: दुसऱ्याच खेळीला एक प्यादं फुकट द्यायचं, मग हल्ला. वकिलांशी खेळून पाहिला. प्यादं गेलं, हल्ला आलाच नाही. बोदडेबाई म्हणाल्या, "बाई, तुम्ही दान करता आणि मग त्याच्याकडेच बघत बसता." खरं आहे.

इटालियन: घोडा, मग उंट. उंटाची नजर राजाशेजारच्या त्या प्याद्यावर, ज्याला राजाशिवाय कोणी वाली नाही. सरळ आहे, समजतं.

घरी येऊन पोळ्या लाटताना ह्यांना तिन्ही सांगितल्या. हे म्हणाले, आमच्या कापसाच्या जिनात सरकीचा भावसुद्धा इतका विचार करून ठरत नाही.

८ डिसेंबर, मंगळ.

इटालियन. ठरलं. आज वकिलांना हरवलं. ते खरंच हरले, मी दोनदा विचारून घेतलं. येताना बाजारातून उगाच बोरं घेतली.

डाव मोकळा झाला की सगळं कसं दिसू लागतं. माझे मोहरे एकमेकांच्या पायात येत नव्हते. या वयात नवं काही जमतं याचा इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

१६ डिसें., बुध.

मामाजींना माहीत आहे. जेवताना सहज विचारलं, "मंगळवारी वकिलाच्या घरी काय शिकून राह्यली?" मी म्हटलं, बुद्धिबळ. "हाव. ते समजलं. काय?" मी भात वाढायला घेतला. ते ताकाचा पेला तोंडाला लावून हसले.

पिंपळगाव राजा या गावच्या शेतातून तुरीच्या शेंगा आल्या आहेत. रोज संध्याकाळी उकडलेल्या शेंगांचं घमेलं मधे ठेवून सगळे सोलतात.

२४ डिसें., गुरु.

नको ती गोष्ट पाहिली. वाचनालयात पुस्तक बदलायला गेले. मामाजी एका कॉलेजच्या मुलाशी खेळत होते. मुलानं राजाचं प्यादं दोन घरं टाकलं. मामाजींनीही टाकलं, नव्या पद्धतीचा मान राखायचा म्हणून. आणि मग त्या मोकळ्या पटावर ते वाट चुकल्यासारखे झाले. थोड्याच वेळात मात. मुलगा नम्र होता, त्यामुळे अधिकच वाईट वाटलं. मी कपाटाआडून निघून आले.

म्हणजे मी इटालियन खेळले तर जिंकेन. मी चांगली खेळते म्हणून नाही, त्यांना ते घर परकं आहे म्हणून. वजिराचं खेळले तर दोघं बरोबरीचे, आणि बहुधा ते जिंकतील.

ज्यांनी शिकवलं त्यांनाच त्यांना न येणाऱ्या गोष्टीनं हरवायचं? पण सामन्याला तेच तर लागणार आहे. दोन्ही बाजू पटतात, हा माझा जुना रोग.

३ जानेवारी १९६५, रवि.

वजिराचं प्यादं खेळले.

सकाळपर्यंत राजाचं ठरलं होतं. बसले, मामाजींनी चष्मा पुसून घातला, आणि माझा हात वजिराकडे गेला. वकिलांच्या कपाळावर आठी पडली.

तरीही डाव चांगला झाला. मध्यावर तर माझंच वरचढ होतं. त्यांचा राजा मधेच अडकलेला, माझ्या उंटाचा मारा असल्यामुळे त्यांना किल्ला बांधता येईना, आणि मी हत्ती आणून शह देणार होते. पण मामाजींनी वेळेवर राजा आडोशाला नेला. हल्ला तिथेच संपला. शेवटी त्यांचं एक प्यादं जास्त उरलं. तेवढं पुरलं.

मामाजी शेगावला जाणार. वकिलांनी हात जोडले. मला हलकं वाटतंय. जरा जास्तच हलकं.

४ जाने., सोम.

शाळेतून आल्यावर कालचा डाव आठवून मांडला. आठवतो सगळा. पण त्यांचा राजा त्या आडोशाच्या घरात पोचतच नाही. दोनदा मांडला. मधल्या घरातून तिथे जायला राजाला दोन खेळ्या लागतात आणि मामाजींनी एकच खेळली होती.

मग समजलं. त्यांनी राजाला घोड्याची उडी दिली. देशी पद्धतीत राजाला शह मिळालेला नसेल तर एकदा चालते ती. या ओसरीवर ती इतकी वर्षं चालत आली आहे. नव्या नियमात ती नाही.

त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं नाही. समोर पंच म्हणून बसलेले, इंग्रजी पुस्तक वाचणारे वकील, त्यांच्याही नाही. तिघंही त्या उडीसकटच बुद्धिबळ शिकलेले.

माझ्या खरंच लक्षात आलं नाही ना? पहिलीच खेळी सोडून दिली होती, पुढचं डोळ्याआड केलं नसेल कशावरून? नाही. तेव्हा मी हत्तीचा विचार करत होते. एवढं तरी खात्रीनं लिहिते.

आता सांगितलं तर जागा मला मिळते, म्हणून सांगायला संकोच. नाही सांगितलं तर शेगावात भर सामन्यात त्यांचा हात तसाच जाईल आणि चार परकी माणसं त्यांना थांबवतील. हे म्हणाले, "जिंकले माझे वडील, हरली माझी बायको. मला मधे घेऊ नका."

५ जाने., मंगळ.

सांगितलं. सकाळी मामाजी अंगणात उन्हाला बसले होते. पट नेऊन पुढ्यात मांडला, ती जागा दाखवली, आणि म्हटलं, मामाजी, इथून राजा इथे कसा आला?

त्यांनी राजा उचलून परत मधल्या घरात ठेवला.

"हात गेला," म्हणाले. "मोकळं घर दिसलं की जातेच तो."

मी म्हटलं, माझ्याही लक्षात आलं नाही.

"ते असू दे. मले दुसरं सांग. वजिराचं काऊन खेळली?"

मी म्हटलं, सवय.

"सवय माही होती. तुही नाई. महिनाभर राजाचं प्यादं शिकून राह्यली अन् माह्यासमोर वजिराचं काढलं. बुढ्याले सूट दिली का नाई?"

मी मान खाली घातली. वाचनालयातलं त्या मुलाबरोबरचं पाहिलं होतं, तेही सांगून टाकलं.

"माही चूक हातानं झाली. तू तं समजून-उमजून केली," ते म्हणाले. रागावलेले नव्हते. पटाची घडी घालत म्हणाले, "तुले शिकवलं ते हरासाठी नाई शिकवलं, बाई."

स्वयंपाकघरात येऊन वरणाला फोडणी दिली. डोळ्यांत पाणी मिरचीचं होतं म्हणायला हरकत नाही.

६ जाने., बुध.

मामाजी स्वतः काठी घेऊन वकिलांकडे गेले आणि आपला जिंकलेला डाव बाद धरा म्हणून सांगून आले. वकील संध्याकाळी घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. पंच आपण, चूक आपली, असं दहादा म्हणाले. नियमाप्रमाणे आता बाईच, असं सुचवून पाहिलं. मी नाही म्हटलं, मामाजी तर "असा फुकटचा इनाम कोन घेते?" म्हणून उठूनच गेले. येत्या रविवारी डाव पुन्हा. मामाजींची एकच अट: सूनबाईनं राजाचं प्यादं खेळायचं, नाहीतर ते बसणार नाहीत.

वकील जाताना मला हळूच म्हणाले, "मग इटालियनच ना?" मी म्हटलं, इटालियनच.

८ जाने., शुक्र.

दोन दिवस मामाजी दुपारी झोपले नाहीत. ओसरीवर एकटेच पट मांडून बसतात. मी शाळेतून आले की मोहरे पिशवीत. आज विचारलं, काय चाललंय? म्हणाले, "वकिलाच्या घरी काय शिकते ते तू मले सांगत होती काय?"

घरात एक वेगळीच मजा आहे. हे रोज जिनातून आल्या आल्या विचारतात, शत्रुपक्षाची काय खबर. मामाजी त्यांना माझ्याबद्दल विचारतात आणि मी त्यांच्याबद्दल. हे दोघांनाही काही सांगत नाहीत आणि मोठा भाव खातात.

१० जाने., रवि.

डाव सुरू असताना लिहिते आहे. हे नियमात बसतं की नाही माहीत नाही. वकिलांना विचारलं, ते म्हणाले, डावाबद्दल सल्ला घेत नसाल तर लिहा.

राजाचं प्यादं, दोन घरं. माझ्या हातानं, मामाजींच्या डोळ्यांत बघून. प्यादं तिथे एकटं उभं राहिलं आणि मला भीती वाटली नाही. पुढचं सगळं तयार होतं: ते दोन घरं येतील, मग माझा घोडा, त्यांचा घोडा, मग उंट.

मामाजींनी राजाचंच प्यादं उचललं आणि एक घर चालवलं. एकच.

"पायदळ," म्हणाले.

मी थिजले. दीड महिना घालवून तीन सुरुवातींतून एक निवडली आणि तिन्ही त्यांनी दोन घरं यावं याच्यावर उभ्या. ते एक घर आले तर माझा इटालियन उंट त्या बारक्या प्याद्यावर डोकं आपटत बसणार. वकील तोंडावर रुमाल धरून हसत होते. म्हणाले, "बाई, हे पुस्तकात आहे. चांगलं नाव आहे याला. पण मी पंच, पुढे बोलणार नाही." मामाजींना पुस्तकात असल्याचं कळलं तेव्हा ते आधी चकित झाले आणि मग असे काही ताठ बसले की बघत राहावं.

मी वजिराचं प्यादंही दोन घरं टाकलं, पहिल्याच्या शेजारी. आज ते चालतं, आज ते लपायला नाही. त्यांनी आपलं वजिराचं प्यादं आणून माझ्या राजाच्या प्याद्याला भिडवलं. दोन घरं आणलं हे, सराईतासारखं. म्हणजे दुपारची झोप मोडली ती यासाठी.

आता पाळी माझी. त्यांचं प्यादं मारावं, तर पट मोकळा होतो, मला हवा तसा, पण त्यांचा कोंडलेला उंटही मोकळा होतो. पुढे रेटावं, तर पुन्हा भिंत, या वेळी माझी, त्यांच्या अंगणात. की घोडा आणून नुसती राखण करावी आणि निवड त्यांच्यावर सोडावी? ही तिसरी मला नको तितकी आवडते आहे, म्हणून तिच्याकडे जरा संशयानं बघते आहे.

"तू सोच," म्हणाले. "मी आंघोळ करून येतो. घाई करू नको अन् दया तं करूच नको." न्हाणीतून तांब्याचा आवाज येतो आहे, मधे मधे गुणगुणणंही. हे वकिलांना चिवडा वाढताहेत. पटावर ऊन सरकत आलंय.

मोहऱ्याला शिवलं की तोच खेळावा लागतो. डावा हात मांडीखाली घेतला आहे, उजव्याला ही लेखणी देऊन ठेवली आहे. तांब्याचा आवाज थांबला.