तबकडी मी घेऊन जाते आहे

भाऊजी,

"वहिनी, दादाला यातलं अवाक्षर कळता कामा नये!" एवढं बजावून तुम्ही सकाळी पळालात. माझं रोजचं जपाचं मौन चालू होतं, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक आहे. मी गप्प राहिले म्हणजे कबूल झाले, हे तुम्हीच ठरवलंत!

तुमच्या दादांनी तुमच्या हाती सॅक्सोफोन दिला, जॅझ शिकवलं. आता तुम्ही जॅझ सोडून सोल आणि फंक असल्या नाचऱ्या ठेक्याच्या संगीताचा अल्बम केलात, तर ते तोंड बघणार नाहीत म्हणे. म्हणून तबकडी माझ्या पिठाच्या डब्यामागे? देवा रे! दार लावून महिनोन् महिने तेच वाजवलंत. भिंतीला कान असतात, तुमच्या भावाला नसतील?

काल जेवताना ह्यांचा पाय तुमच्याच ठेक्यावर हलत होता. वर मलाच म्हणाले, "पठ्ठ्या मला कधी ऐकवणार? तबकडी आली की तू तरी आण." मी हो म्हटलं, अगदी तोंडाने.

दोघांच्या मधली निरोपी होऊन मी कंटाळले आहे. जेवण झाकून ठेवलं आहे. तबकडी पिशवीत घातली आहे आणि ह्यांच्या दुकानाकडे निघाले आहे.

– वहिनी