पुलाजवळच्या शाळेची अफवा

१२ जानेवारी

एक शाळा बंद करावीच लागणार! शिक्षण मंडळाचा चिटणीस आज कचेरीत पुन्हा तेच घेऊन बसला — "साहेब, अनुदान येतं पोरामागे. पोरं घटली, अनुदान घटलं. छपरं मात्र पूर्वीइतकीच गळतात." माणूस रडका, पण हिशेबाला चोख. मंडळाच्या सात शाळांपैकी दोन अर्ध्या रिकाम्या. एक बाजारातली, एक पुलाजवळची. एक ठेवायची, दुसरीची मुलं तिच्यात घालायची. कुठली ठेवायची ते अध्यक्षांनी सांगायचं. अध्यक्ष म्हणजे मी!

पुलाजवळच्या शाळेची मुख्याध्यापिका आमची ताई. सख्खी, थोरली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१५ जानेवारी

माझ्या रंगाच्या दुकानात एक युक्ती मला कधी दगा देत नसे. एखादी छटा खपेनाशी झाली, की बंद करण्याआधी नुसतं बोलून टाकायचं — "हा रंग आता येणार नाही हं." गिऱ्हाईक हळहळत धावून आलं, तर छटा ठेवायची. कुणी फिरकलं नाही, तर फळी मोकळी.

आज केस कापून घेताना न्हाव्याकडे हळूच सोडून दिलं, "पुलाजवळच्या शाळेचं काही खरं दिसत नाही." याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आता पालक खवळून कचेरीवर आले, म्हणजे ताईची शाळा ठेवायला मला तोंड राहील. बहिणीसाठी केलं असं कुणी म्हणायला नको.

१९ जानेवारी

अजून कुणी आलं नाही.

२४ जानेवारी

दाढीला गेलो होतो. तोंडावर गरम टॉवेल, त्यामुळे शेजारच्या खुर्चीवाल्यांना मी दिसलो नाही. कान मात्र उघडे.

"बंदच झाली म्हणे ती."

"अध्यक्षाची बहीण तिथे, तिचीच वाचेना! आपलं कोण ऐकतंय? मी तर दाखला काढला. घातला पोरीला त्या नव्या खासगी शाळेत."

ते दोघं जाईपर्यंत मी टॉवेल तोंडावरून काढू दिला नाही.

घरी हिला सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "भांडायला कोण येतं? ज्याला आशा असते तो. बाकीचे पोराचं बोट धरतात नि चालू लागतात." सव्वीस वर्षं गल्ल्यावर बसलो, पण हे हिला कळलं, मला नाही.

२७ जानेवारी

ताई आली. आत आलीच नाही, दारातच उभी. "बंद होणार का रे शाळा? घाबरू नकोस, सांग."

मी म्हणालो, "अजून काहीच ठरलेलं नाही."

शब्दन् शब्द खरा! ती म्हणाली, "बरं. तू म्हणतोस तर तसंच सांगते सगळ्यांना." चहासुद्धा न घेता गेली.

तेव्हाच न्हाव्याचं सांगून टाकायला हवं होतं. जीभ रेटली नाही.

३ फेब्रुवारी

ताई पालकांच्या घरोघरी फिरते आहे. दूधवाला कौतुकाने सांगत होता — "आमच्याकडे पण आल्या होत्या. म्हणाल्या, माझ्या पाठच्या भावाने सांगितलंय, काही ठरलेलं नाही. तो मला फसवायचा नाही. मग आम्ही दाखल्याचा अर्ज मागे घेतला बघा!"

त्याला म्हटलं, छान केलंत. दुसरं काय म्हणणार?

११ फेब्रुवारी

तरी गळती थांबत नाही. जाणारी पोरं आमच्या दुसऱ्या शाळांत आली असती तरी निभलं असतं. पण सगळी चालली खासगीत! रंगाचं गिऱ्हाईक घाबरलं, तर डबा उचलून पैसे माझ्याच गल्ल्यात टाकायचं. इथे गिऱ्हाईक पोरं घेऊन परक्या दुकानात गेलं. एवढी साधी गोष्ट या शहाण्याला सुचू नये!

चिटणीस म्हणाला, "ही आवई उठवली कुणी असेल हो, साहेब?"

मी म्हणालो, "लोकांना काय, उद्योग नाहीत."

लिहितानाही लाज वाटते.

१८ फेब्रुवारी

बैठक झाली. निवडायला काही उरलंच नव्हतं. बाजारात पोरं टिकली आहेत, पुलाजवळ वर्गांत नुसती बाकं उरली. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

ताई मागच्या रांगेत बसली होती. ठराव वाचून झाल्यावर उभी राहिली. "एवढंच विचारते. माझ्या शब्दावर जे थांबले, त्यांच्या दारात आता मी कुठल्या तोंडाने जाऊ?" मी ठरावावर सही केली.

जिन्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही रे. तेव्हा खरंच ठरलं नव्हतं."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिने मनापासून म्हटलं!

२१ फेब्रुवारी

कपाट लावता लावता चिटणीस सहज बोलून गेला — "तुमच्या ताई डिसेंबरातच मला म्हणाल्या होत्या, माझीच शाळा बंद करा, तिचे जिने लहान पोरांना धड नाहीत. फक्त वर्ग फुटू देऊ नका. पोरं, बाई, सगळ्यांना मीच हाताला धरून बाजारातल्या शाळेत घेऊन जाईन. भावाला आपणहून सांगू नका, म्हणाल्या, त्याच्यावर माझं दडपण नको. त्याने विचारलं तर सांगा."

मी गावभर कान लावून बसलो होतो. तिला विचारलं नाही.