थोल होईल

पोर्टसॉय,
१४ नोव्हेंबर १९६८

प्रिय गिब,

आम्ही ठीक आहोत, तुम्ही दोघंही ठीक असाल. वारा सुटलाय, बोटी बंदरातच आहेत, कोंबड्यांनी अंडी बंद केलीत. आईला थोडा खोकला आहे.

तुला पत्र लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. हट्टात मीही तुझीच बहीण. पण मागच्या महिन्यात एडिनबरोहून एक बाई आल्या, बोलीतले जुने शब्द कोशासाठी गोळा करणाऱ्या. आपल्याकडे बसल्या होत्या. आई चुलीपाशी हॅडॉक माशाचं सार चाखत म्हणाली, "यात अजून मीठ थोल होईल."

बाईंची पेन्सिल थांबली. "थोल म्हणजे सोसणं ना, आजी? दातदुखी थोल करतो, तसं?"

"ते आहेच. पण साराला मीठ काय सोसायचंय? मावेल, अन् चवही येईल. आमच्या माहेरी असंच म्हणतात."

शब्द हजार वर्षांचा, मूळ अर्थ दुःख भोगणं, असं बाई सांगत होत्या. मी बटाटे सोलत होते ती थांबले.

रोनाला तू पहिल्यांदा घरी आणलंस, तेव्हा आई तिला न्याहाळून म्हणाली होती, "या घरात ही थोल होईल." रोनाने तुला अर्थ विचारला. तू सांगितलास, हिला सोसून घेऊ. ती चहा तसाच टाकून उठली, मागोमाग तू. तेव्हापासून नाताळचं कार्ड तेवढं येतं, तेही तुझ्या एकट्याच्या सहीचं.

सारावरचं ते बोलणं आपण दोघांनी लहानपणापासून ऐकलंय. तुला सुचलं नाही, मलाही नाही. बाई गेल्यावर आईला विचारलं, रोना तेव्हा का उठून गेली असं तुला वाटलं?

"मला वाटलं, पोरीला घर आवडलं नाही."

खोकल्याचं वर जरा कमी लिहिलंय. डॉक्टर आता औषध बदलत नाहीत. काल सार पुढे केलं, तर आई वाटी बाजूला सारून म्हणाली, "नको गं. आता काही थोल होत नाही." कोणत्या अर्थाने, ते मी विचारलं नाही. मला भीती वाटते, गिब.

ये. रोनाला घेऊन ये, आणि वाटेत तिला अर्थ नीट सांग. वरची खोली झाडून ठेवली आहे.

या घरात अजून दोन माणसं थोल होतील.

तुझी बहीण,
बेथिया