रानपिंगळ्याची ढोली

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
नक्की रानपिंगळा, तो दुर्मिळ पक्षी! साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. घुबडाच्या जातीचा असून भर उजेडात, वाळक्या झाडाच्या शेंड्यावर शेपूट झटकत बसला होता. वन संशोधन कार्यालयात बावीस वर्षं नकाशे रंगवले. आता कळेल सगळ्यांना.
मॅडमना सांगायचं नाही. परवापर्यंत माझ्याकडून नकाशा वाचायला शिकत होत्या, आज माझ्या साहेब.

६ फेब्रुवारी
ढोली सापडली. नर सरडा घेऊन आला. मादीनं डोकं बाहेर काढलं, सरडा ओढून घेतला, आत गुडूप. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याची किंमत सगळीकडे सारखीच. बायकोला हे सांगितलं. म्हणाली, तो निदान काहीतरी घेऊन तरी येतो.

११ फेब्रुवारी
संकल्प: रोज पाचला उठणे. झाडापासून पन्नास पावलं लांब बसणे. कुणाशी न बोलणे.
उठलो साडेसातला. अंग मोडून आलं होतं. पस्तीस पावलांवर बसलो, चष्म्याचा नंबर वाढलाय. न बोलण्याचा संकल्प मात्र पाळला. घरात तसंही कोण बोलतंय माझ्याशी.

२५ मार्च
दोन पिल्लं! पण फोटोत नुसती पानंच. ढोलीसमोर एक फांदी आडवी आलीय. म्हातारा वनरक्षक म्हणाला, ती पानं आहेत म्हणून पिल्लं आहेत, वर शिकारी शिक्रा घिरट्या घालतोय. याला फोटोग्राफीतलं काय कळतं?

२७ मार्च, सकाळी ९.४०
फांदी तोडली. एकच. मग शेजारचीही, नाहीतर फ्रेम एका अंगाला झुकत होती. मादी चारदा माझ्या डोक्यावरून झेपावली. होईल सवय. फोटो अप्रतिम! दोन्ही पिल्लं ढोलीच्या तोंडाशी, उन्हात.

२९ मार्च
ढोली रिकामी. खाली मऊ पिसं. निसर्ग क्रूर असतो, त्याला मी काय करणार?
वनरक्षक तुटलेल्या फांदीकडे बघत राहिला. माझ्याकडे बघितलं नाही. जळतो.
नर सरडा घेऊन आला. ढोलीत डोकावला. सरडा चोचीत तसाच. बराच वेळ. मी फोटो काढला नाही. बॅटरी कमी होती.

१२ एप्रिल
फोटो मॅडमना दिला. मोठेपणा कुणीतरी दाखवायलाच हवा. त्यांनी बारकाईनं चौकशी केली: किती जवळून, फांदी कशानं तोडली, पिल्लं किती दिवसांनी गेली. माझ्या पद्धतीत एवढा रस आजवर कुणी घेतला नव्हता. म्हणाल्या, हे सगळं लिहून द्या. दोन पानं दिली.

४ जून
फोटो छापून आला! रंगीत, पूर्ण पान. वनरक्षकांच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत. बायकोला दाखवला. तिनं वरचा मथळा मोठ्यानं वाचला: 'घरटं असं उद्ध्वस्त होतं.' खाली माझीच दोन पानं, शब्द न शब्द.
मॅडमना फोन करून म्हटलं, नाव छापायचं राहिलं. म्हणाल्या, राहिलं नाही, मी काढलं, तुम्हाला अजून नोकरी करायची आहे ना.
पुस्तिका सगळ्या चौक्यांना पाठवायचं काम माझ्याकडे दिलंय. विश्वासाचं काम आहे. आज ऐंशी पाकिटं चिकटवली.