पावलातली नाडी

१३ नोव्हेंबर २००५, रविवार. घाटंजी
शेजारची शोभा आज ह्यांचं कौतुक करत होती. "वहिनी, भाऊ आता लय बोलतात बापा! पहिले तं मान खाली घालून निंगून जायचे."
खरं आहे. वीस वर्षांच्या संसारात ह्यांचे शब्द मी मोजून घेतले. आणि आता दिवाळीपासून बघते, कापसाच्या जिनिंगला कामावर जाता-येता शिंप्याच्या दुकानाशी थांबतात, पिठाच्या गिरणीशी थांबतात, पानटपरीशी थांबतात. जयभीमला जयभीम करून पुढे सरकणारा माणूस लोकांच्या पोरांची, जावयांची चौकशी करतो. मला वाटलं, वयाने माणूस मऊ होत असेल. मनातून बरंही वाटलं होतं.
संध्याकाळी भाजीला बरोबर आले. मधेच एका म्हातारीपाशी थांबून वांग्याचा भाव विचारला. घेतली नाहीत. थोडं चाललो, पुन्हा थांबले, आता मिरच्यांपाशी. तोंडाकडे पाहिलं तर रंग उतरलेला.
"काय होते?"
"काही नाई. पिंढरीत गोया येते. उभं राह्यलं की जाते."
"कधीपासून?"
"पोयाच्या आधीपासून."
म्हणजे पोळ्याच्याही आधीपासून. दिवाळीपासूनच्या ह्या सगळ्या गप्पा पिंढरीच्या होत्या. चौकशी कुणाची नव्हती.

१५ नोव्हें.
इथल्या डॉक्टरांनी वात सांगितला. कमरेतली नस दबली असेल म्हणे. इंजेक्शनं लिहून दिली, एक दिवसाआड. पायाला हात लावला नाही, पँटवरूनच बघितलं.
हमीदभाई रस्त्यात भेटले. ह्यांच्याच जिनिंगमध्ये मेकॅनिक, हे फिटर. दोघांची बिडी एकाच काडीवर पेटते. आत रुई असते म्हणून काडी पेटवायची सक्त मनाई, बिडीसाठी गेटबाहेर जावं लागतं. हमीदभाई सांगत होते, "भाभी, पहिले ये गेटपर्यंत मेरे आगे चलता था. आता मधात दोनदा बसते. मी म्हटलं, साहेब झाला का रे, कामचोर?" हसले. मग माझं तोंड पाहून विचारलं, "डॉक्टर क्या बोला?"

२४ नोव्हें.
इंजेक्शनं संपली. फरक शून्य.
"दुसऱ्या डॉक्टरला दाखवू" म्हटलं की "सीझन संपू दे". यंदा कापसाची खरेदी उशिरा सुरू झाली, आता सगळ्या गाड्या एकदम आल्यात, रांग रस्त्यापर्यंत. मशीन बंद पडलं की मालक ह्यांनाच हाका मारतो. दिवसभर उभे.
सीझन संपू दे. हे वाक्य ह्या जिल्ह्यात प्रत्येक दुखण्याला लावतात. दात, गर्भाशय, मोतीबिंदू. सगळी दुखणी फेब्रुवारीपर्यंत थांबलेली.

४ डिसें.
ह्यांचा डावा पाय गार. उजवा नेहमीसारखा, डावा माठाला हात लावावा तसा. नडगीवरचे केस कधी गेले? अंगठ्याचं नख महिन्याभरात वाढलेलंच नाही. वीस वर्षं ह्याच पायांशेजारी झोपते आहे.
रात्री पाय खाटेखाली लोंबकळत सोडून झोपतात. म्हणतात, "असा सोडला की आग कमी होते." मी उचलून वर ठेवते, ते पुन्हा खाली सोडतात. त्यावरून भांडण. पायावरून भांडणारं जोडपं आमचंच असेल.

१० डिसें., यवतमाळ
शेवटी आणलं. मीच रजा टाकली, मुख्याध्यापकांचं तोंड वाकडं झालं.
दवाखान्यात शिरायला जागा नाही. फवारणीचं औषध प्यालेले तिघे आमच्यासमोर आणले. एकाची बायको पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होती, आवाज होऊ नये म्हणून. आम्हाला भिंतीकडे सरकवलं. बरोबरच आहे. तिथे उभं राहून "ह्यांची पिंढरी दुखते" म्हणायची लाज वाटली. आणि राग आला, की लाज का वाटावी?
दुपारी एक तरुण डॉक्टरीण आली. चप्पल काढायला लावली, मोजे काढायला लावले. दोन बोटं पावलावर ठेवली, डोळे मिटले. मग घोट्याच्या मागे. मग गुडघ्यामागे. उजव्या पावलावर माझी बोटं नेऊन ठेवली. टुक टुक लागलं. मग डाव्यावर. काही नाही. मी दाबून दाबून पाहिलं. माझीच नाडी मला लागत होती.
"बिडी किती?"
हे म्हणाले, "एखादी."
मी म्हटलं, "दिवसाला एक कट्टा. वर तंबाखू-सुपारीचा खर्रा."
ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचं घर लुटलं.
डॉक्टरीण म्हणाली, वात नाही, नस नाही. पायाकडे रक्त नेणारी धमनी बंद होत आली आहे. ह्यांच्या जिवात जरा जीव आला, म्हणाले, "म्हणजे पाइप चोक झाला. आमच्या इकडे रुई ओढणारा पाइप चोक होते, खोलून साफ करतो आमी. तसं करता येत नाई?"
ती हसली नाही. म्हणाली, "काका, कचरा बाहेरून येऊन बसला असता तर केलं असतं. इथं पाइपच बिघडला आहे. त्याची आतली कातडी जाड झाली, कडक झाली, फुगून आत आली. आणि एका पायाचाच नाही. अंगातले सगळे पाइप एकाच लोखंडाचे."
त्यांना समजलं होतं. फिटरला एवढं सांगितलं तरी पुरतं.

१२ डिसें.
बिडी बंद. खर्रा बंद. घरातल्या काडेपेट्यासुद्धा मी कपाटात ठेवल्या, देव्हारा नाही आमच्याकडे म्हणून बरं, नाहीतर उदबत्तीला मागितली असती.
हमीदभाईंनीही सोडली म्हणे. "मी रोजे ठेवतो भाभी, महिनाभर दिवसा हात लावत नाही. इसको बोला, सूरज डूबने दे, मगरिब की नमाजतक रुक, फिर देखेंगे. मगरिब झाली की मी म्हणतो, कल की मगरिब."

२२ डिसें.
औषध गोळ्यांचं आणि चालण्याचं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, उतरलं की पुन्हा चालायचं. चालून चालून बाजूच्या बारीक नळ्या रुंदावतात, असं डॉक्टरीण म्हणाली.
हे चालत नाहीत. "कामाबिगर चालू? लोकं म्हणतीन, दिवाकर येडा झाला." मी म्हटलं, हातात पिशवी घ्या. पिशवी घेऊन निघाले. रिकामी पिशवी घेऊन शाळेच्या मैदानापर्यंत आणि परत. आता कुणाशी बोलत नाहीत, थांबतात आणि आभाळाकडे बघतात. शोभा म्हणते, "भाऊ कायले रागावले आमच्यावर?"
माझ्या कथा छापणाऱ्या संपादकांचा फोन. विशेष अंक काढताहेत. "मॅडम, तुम्ही तिथल्याच. कापसावर, ह्या मरणांवर एक कथा द्या." हो म्हटलं. बसले. पहिली ओळ सुचते ती पावलाची. दुसरीही पावलाचीच.

३ जानेवारी २००६
काय लिहू.
दोन दिवस शाळेच्या प्रशिक्षणाला यवतमाळला होते. पोरं शिकायला बाहेरगावी, ह्यांच्याजवळ कोणीतरी हवं म्हणून मोठ्या नणंदेला, कमलताईंना, राळेगावहून बोलावलं. त्यांनी भावाचा पाय चेपायला घेतला, गार लागला. मग इथली प्रत्येक बाई करते ते त्यांनी केलं. तव्यावर सरकी भाजली, धडप्यात बांधली, शेक दिला. बाळंतिणीला देतात, मुरगळलेल्या घोट्याला देतात, म्हातारीच्या गुडघ्याला देतात. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मलाही त्यांनीच दिला होता, काय सुख वाटलं होतं. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. आणि रात्री निजताना पोटली पायाला बांधून ठेवली, ऊब टिकावी म्हणून.
ह्यांना चटका कळलाच नाही. पाय बधिर. वर म्हणतात, "बरं वाटत होतं." पाय की बहिणीचा हात, कोण जाणे.
बाहेरच्या बाजूला, करंगळीपासून, फोड. दोन रुपयांच्या नाण्याएवढा.
डॉक्टरिणीने पाय गरम करू नका असं सांगितलं होतं. मी ते ह्यांना सांगितलं होतं. ह्यांनी बहिणीला का सांगितलं नाही? "ते एवढ्या मायेनं करून राह्यली होती. कसं सांगू?"
मी ताट आदळलं.

६ जाने.
कमलताई जायचं नाव काढत नाहीत, कोपऱ्यात बसून राहतात. मी बोलत नाही. आज भाकरी थापता थापता त्याच म्हणाल्या, "सुनंदा, शिव्या दे, पण बोल वं."
"शिव्या देऊन फोड जातो का?"
"आपल्या आईनं बी हेच केलं असतं."
"हो. तिनंही हेच केलं असतं."
यावर दोघी रडलो, मी कमी. त्यांच्यावर रागावताही येत नाही हाच राग आहे. कुणी वाईट वागलं असतं तर बरं झालं असतं.

११ जाने.
फोड फुटला. खालचं मांस गुलाबी नाही, राखाडी. करंगळी टोकाकडून काळी पडते आहे. जांभळी वाटावी आणि काळी निघावी अशी. पट्टी बदलताना मी श्वास धरते, ते खिडकीकडे बघतात. त्यांना कळतं की मी श्वास धरते.
इथल्या डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले, "आधी का नाही आलात?" मी तिथून उठून आले. काही बोलले असते तर फार बोलले असते.

१९ जाने., नागपूर
दोन दिवस तपासण्या. जांघेतून नळी घालून फोटो काढले. मांडीतली धमनी मधेच संपते. पडद्यावर काळी रेघ खाली येते आणि पुसल्यासारखी नाहीशी होते, मग गुडघ्याखाली चार-दोन केसांएवढ्या रेघा. हृदयाच्या कागदातही जुन्या झटक्याची खूण निघाली, त्यांना तो कधी आला ते कळलंही नव्हतं.
सर्जन वयस्कर, तुटक बोलणारे. उजव्या पायाची शीर काढून डाव्यात बंद जागेला वळसा घालून जोडणार. करंगळी जाणारच. रक्त पोचलं तर तेवढ्यावर निभावेल. नाही पोचलं तर गुडघ्याखालून.
"आणि बिडी. एकसुद्धा ओढली तरी नवी नळी आठवड्यात बंद होईल, मग मी उगाच दोन पाय कापल्यासारखं. बिडी चालू असेल तर मी हात लावत नाही."
हे म्हणाले, "सोडली साहेब. सव्वा महिना झाला."
सर्जन माझ्याकडे वळले. "मी पेशंटला विचारत नसतो. ऑपरेशनच्या सकाळी तुम्हाला विचारीन."

२६ जाने.
शाळेत झेंडावंदन. पोरांच्या कवायतीत एक-दो, एक-दो. पाय आपटण्याचा आवाज ऐकवेना.
संपादकांना नकार कळवला. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." माझीही नव्हती. ज्या घरी माणूस गेला त्या घरात जाऊन मी कथा शोधू शकत नाही आणि माझ्या घरातलं दुखणं अंकात बसत नाही, बिडीने आलेलं दुखणं. त्यात ना सरकार दोषी ना पाऊस.

२९ जाने.
सकाळी नागपूरला न्यायला जीप आली. हमीदभाईंनी ह्यांना लहान मुलासारखं उचलून आत बसवलं. "वजन कायले वाढवलं बे, दिवसभर बसून खाते का?" ह्यांनी त्यांच्या मानेला मिठी मारली आणि सोडेनात. हमीदभाई म्हणाले, "चल छोड, लोग देख रहे." आणि पाठ फिरवून टायर तपासत बसले.
वर्ध्याच्या पुढे हे झोपले. डोकं माझ्या खांद्यावर. शालीला बिडीचा वास.
नीट हुंगलं. बिडीचाच.

३० जाने., नागपूर
दवाखान्यात भरती. उद्या सकाळी ऑपरेशन.
विचारलं. आधी म्हणाले, "हमीदचा असेल, त्यानं उचललं ना."
"हमीदभाईंनी सोडली आहे."
"तो सांगते तसं." मग, "सुनंदा, माणसाले दुखते तेव्हा काय करावं?"
हे उत्तर की प्रश्न? मी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.
संध्याकाळी पट्टी बदलणाऱ्या बाईने शेजारच्या बोटाकडे बोट केलं. त्याचंही टोक.
खरं सांगून ऑपरेशन थांबवलं तर पंधरा दिवस, महिना. तोवर हे बोट थांबेल का? करू दिलं आणि ती नळी बंद पडली तर उजव्याची शीरही गेली.

३१ जाने., मंगळवार
उजाडलं. ह्यांची दाढी केली, हातपाय पुसले. कमलताईंचा फोन येऊन गेला, त्या नुसत्या रडल्या.
हे म्हणाले, "डॉक्टर तुलेच विचारीन."
"हो."
"मंग काय सांगशीन?"
"तुम्हीच सांगा, काय सांगू."
त्यावर त्यांनी डावा पाय खाली सोडला, नेहमीसारखा. मी उचलून वर ठेवला नाही. पावलावर दोन बोटं ठेवून बघितली, उगाच.
जिन्यात बुटांचे आवाज येताहेत, तीन-चार जणांचे. एक नर्स पुढे येऊन पडदा सारते आहे.