पेटी क्रमांक ४१७

सोमवार, ता. ३
घरात आलं ते : दूध २०. यांची औषधं ३४०. मालिशवाल्याचे दोन फेऱ्यांचे १५०. वर्तमानपत्राचं बिल ९०. पैसा तेवढा आला नाही!

यांचं उजवं अंग आणि वाचा एकाच सकाळी गेली, त्याला आज चाळीस दिवस झाले. कचेरी निम्मा पगार देणार, तोही सहाच महिने. तीस वर्षं घरखर्च मी लिहिला, पण बँकेचं पासबुक यांच्या कपाटात. आज पहिल्यांदा उघडलं. दर महिन्याला सहा ठिकाणी पैसे परस्पर वळते होतात — कुणी न मागता, कुणी न विचारता!

ता. ४
वर्तमानपत्र बंद. बुद्धिबळाचं मासिक बंद. केबल बंद. फोनही काढून न्यायला सांगितलं. धाकट्या नणंदबाई डोकावल्या. म्हणाल्या, वहिनी, आता श्वासही मोजून घेता की काय! हसल्या. मीही हसले. त्या जिना उतरेपर्यंतच.

ता. ६
पासबुक यांच्यापुढे धरून एकेका ओळीवर बोट ठेवलं. शेवटी एक ओळ — टपाल कार्यालय, पेटी भाडे, ४५. पोस्टमन रोज दारात येतो, मग आम्हांला वेगळी पेटी कशाला? तसं विचारलं, तर डाव्या हाताने त्या ओळीवर मारायलाच लागले. पान चुरगळलं. तोंडातून नुसता आवाज. स्वतःच्याच उधळपट्टीचा राग आला असणार. म्हटलं, “बंद करते हो, चिडू नका.”

दुपारी बँकेत जाऊन सही केली. खातं दोघांच्या नावे, म्हणून जमलं.

ता. ७
जेवले नाहीत.

ता. १२
चमचा पुढे केला की तोंड भिंतीकडे. डॉक्टर म्हणतात, शरीर सावरतंय, मन उतरलंय, त्याला माझ्याकडे बाटली नाही. महिन्याला चारशे दहा वाचले. कुणासाठी वाचवते आहे मी?

ता. १५
प्रार्थनेला बसलं की लेकच समोर येते. दोन वर्षांपूर्वी ती आमचं न ऐकता लग्न करून गेली, त्या दिवशी मी देवापुढे शपथ घेतली — तिचा कागदसुद्धा या उंबऱ्याच्या आत येणार नाही. हे तेव्हा वाद घालतील असं वाटलं होतं. नुसतं “बरं” म्हणाले. पोस्टमनने तिचं एकही पत्र कधी आणलं नाही. पोर माझ्याच वळणावर गेली, हट्टी, असं मी धरून चालले. आता शपथ मोडावी तर ती यांच्यावर उलटायची. देवा, तूच काय ते बघ. मला काही दिसत नाही.

ता. २१
आज पाणीसुद्धा दोनच घोट.

ता. २६
टपाल कार्यालयाचं कार्ड आलं. भाडं थकल्यामुळे पेटी ४१७ विसाव्या तारखेला बंद केली, आतलं सामान आठ दिवसांत न्यावं, किल्लीची अनामत १०० परत मिळेल. शंभर! उद्या सकाळीच जाते.

ता. २७
खिडकीवरच्या बाईंनी शंभराची नोट दिली आणि सुतळीने बांधलेला गठ्ठा पुढे सरकवला. सत्तावीस पाकिटं. वरचं अक्षर ओळखायला मला चष्मा लागला नाही.

बाई सांगत होत्या. साहेब पंधरा दिवसांनी यायचे, त्या बाकावर बसून वाचायचे, तिथेच उत्तर लिहायचे आणि पत्र परत पेटीत ठेवून कुलूप लावायचे. बाईंनी एकदा विचारलं होतं, घरी का नेत नाही? तर म्हणाले होते, “घरात एकीची शपथ आहे. ती मोडायची नाही, आणि पोरीलाही तोडायची नाही.”

मी त्याच बाकावर बसले. तीन पाकिटं फोडलेलीच नव्हती, यांच्या आजारपणातली. शेवटचं असं — बाबा, तुमचं पत्र नाही, रागावलात का? या महिन्यात माझं बाळंतपण. पोट चिरावं लागेल म्हणतात. मोकळी झाले की लगेच लिहिते.

बाईंना विचारलं, यानंतर काही? त्या म्हणाल्या, चोवीस तारखेला एक आलं होतं. पेटी बंद, म्हणून नियमाने परत पाठवलं. “पत्ता तोच होता हो पाठवणाऱ्याचा. अक्षर मात्र दुसऱ्याच कुणाचं होतं.”

पंचेचाळीस! पंचेचाळीसच वाचवले मी.

ता. २८
काल जिन्यातच ठेवलेला गठ्ठा आज उंबऱ्याच्या आत आणला. पाप माझं, देवा, फेडायचं तर माझ्याकडूनच फेडून घे. यांना उशीला टेकवून तिन्ही वाचून दाखवली. दुसऱ्या कुणाच्या अक्षराचं सांगवलं नाही. यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही, म्हणून हे वेडंवाकडं लिहिते आहे. पत्र मात्र आधीच लिहून टाकलं. एवढंच —

“पोरी, किंवा जावईबापू, हे जो कोणी उघडेल त्याने — ती कशी आहे ते उलट टपाली कळवावं. जे असेल ते कळवा. पत्ता घराचाच घाला. — आई.”