वरच्या खोलीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, अविवाहित आणि त्याबद्दल तक्रार नसलेली, पित्ताशय वगळता बाकी सर्व अवयवांनी शाबूत, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही. फूस लावायचा प्रयत्न दादाने केला, पण तो ते लहानपणापासून करतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी तो दोनदा वाचावा.

कलम एक. घर माझ्याकडे कसे आले, ते आधी सांगते, म्हणजे नंतर कोणी इतिहास रचत बसणार नाही.

घर भाड्याने देताना कोणाचा रंग किंवा वंश पाहायचा नाही, असा कायदा सरकारने केला. आधी फलक लागले, मग भाषणे झाली, मग चहा झाला. घरमालकांनी चहा घेतला आणि रंग पाहत राहिले. तेव्हा खात्यातल्या एका शहाण्या साहेबांनी आमची नेमणूक केली, जोडीजोडीने. मी काळी, आडनाव त्याहून ठसठशीत. माझा जोडीदार गोरापान. दोघांचे पगाराचे कागद सारखे, इस्त्रीही सारखी. मी दार वाजवायचे आणि ‘खोली कालच गेली’ हे ऐकून यायचे. थोड्या वेळाने तो जायचा, तर तीच खोली त्याला खिडक्या उघडून दाखवली जायची. मग मालकाला नोटीस. खात्यात आम्हाला मीठ-मिरे म्हणत; तो मीठ, मी मिरे. नकार घेण्याचा मला पगार मिळे. माझ्या लोकांना तोवर नकार फुकट मिळत असे.

या घराची मालकीण शिलाई मशिनी दुरुस्त करायची. हाताला कायम तेल. मी दार वाजवले, पाठ केलेली वाक्ये म्हटली आणि नकारासाठी चेहरा तयार ठेवला. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, ‘‘पाय आपटत चालतेस का?’’

मी नाही म्हटले.

‘‘मग उद्या ये.’’

होकाराला काय म्हणायचे, हे आम्हाला कोणी शिकवलेच नव्हते. मी ‘बरं’ म्हटले आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन गेले. मधल्या वेळात नियमाप्रमाणे मीठ तिथे जाऊन आला होता आणि त्याला खोली गेल्याचे कळले होते. खात्याने हिशोब लावला: काळीला होकार, गोऱ्याला नकार, म्हणजे भेदभाव. म्हातारीवर नोटीस निघणार, एवढ्यात मी साहेबांपुढे उभी राहून सगळे सांगितले.

‘‘बाई,’’ साहेब म्हणाले, ‘‘तुम्हाला नकार आणायला पाठवलं होतं. बिऱ्हाड करायला नाही.’’

दारे वाजवायचे काम गेले आणि नव्यांना शिकवायचे आले. मी तिथेच, वरच्या खोलीत, राहिले. पुढे म्हातारीने रास्त दरात घर मलाच विकले, आणि मी खाली राहायला आल्यापासून वरची खोली कधी फार दिवस रिकामी राहिली नाही.

कलम दोन. चौकातल्या दलालाने मला पाहताच प्रत्येक मालकाला परगावी पाठवले. कोर्टाने दंड ठोकल्यावर सगळे मालक एका आठवड्यात परत आले. त्याला माझा नमस्कार सांगावा. दुसरे काही देऊ नये.

कलम तीन. म्हातारीने मागे ठेवलेली शिलाई मशिनीची हत्यारे भाचीला, म्हणजे माझ्या बहिणीच्या मुलीला. ती तेलाचे हात कपड्यांना पुसते, पण स्क्रू हरवत नाही.

कलम चार. आता घर. दादाचे म्हणणे, ते त्याच्या मुलाला जावे. ‘‘कायदा सरकारचा असेल, पण शेजार आपला बघायला नको का?’’ असे तो मला दवाखान्यात, टाके ओले असताना म्हणाला. वरची खोली तेव्हा नुकतीच रिकामी झाली होती. घर सांभाळायला आधी भाचा, म्हणजे दादाचा हाच मुलगा, राहिला, मग भाची. मी पडल्या पडल्या माझा धंदा केला. आमच्यानंतर या शहरात आलेल्या लोकांतली माझी एक विद्यार्थिनी आहे. लोक आता आमच्याऐवजी त्यांना नाक मुरडतात, आणि त्यात आमचेही लोक आले. तिला आणि मिठाला मी दोघांकडे पाठवले.

भाच्याने तिला सांगितले, ‘‘खोली कालच गेली, ताई.’’ आवाज इतका गोड की तिला वाईटही वाटले नाही. संध्याकाळी मिठाला त्याने खोली दाखवली, खुर्ची पुसून बसवले आणि भाडे कमी करायची तयारी दाखवली.

भाची छपरावर डांबराचा डबा घेऊन चढली होती. विद्यार्थिनीला तिने वरूनच ओरडून सांगितले, ‘‘खोली गळतेय, आत्ता नाही मिळायची. कोरडी झाली की पहिलं येईल त्याला.’’ मीठ गेला तेव्हा तेच सांगितले, वर शिडी धरायला लावली. त्याच्या सदऱ्यावर डांबर पडले, त्याची माफीही मागितली नाही. इतका स्वच्छ निकाल मी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

म्हणून घर, वरच्या खोलीसह, भाचीला.

कलम पाच. भाचा वाईट नाही. दवाखान्यात रोज डबा आणला, उशीही बदलली. बँकेतली सगळी बचत त्याला. तीत भर घालून त्याने स्वतःचे घर घ्यावे आणि त्याला वरची खोली नसावी, ही सदिच्छा. दादाने यावर अबोला धरल्यास भाचीने त्याला जेवायला बोलवावे. भरल्या पोटी त्याला अबोला जमत नाही.

कलम सहा. मिठाला काही ठेवलेले नाही. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही द्यायचे नाही असे वकीलबाई म्हणतात. सदऱ्याचे मी जिवंतपणीच पाहीन.

कलम सात. वरची खोली कोणाला द्यायची याची अट घाला, असे वकीलबाईंनी सुचवले. घालत नाही. त्यासाठी कायदा आहे, आणि तो करायला सरकारला पुरेसा वेळ लागला. भाचीने तो मोडलाच, तर खात्याने तिला इतरांसारखीच नोटीस पाठवावी. तिने तेव्हा माझे नाव सांगू नये.

वाचून, समजून, एक शब्द खोडून सही केली.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) जुना सहकारी, उर्फ मीठ
साक्षीदार दुसरी: (सही) शेजारची दातांची डॉक्टर

स्थळ: राहते घर, खालचा मजला
तारीख: १४ नोव्हेंबर, शनिवार